गुंत्याचा हिशेब

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि एर्विन श्रोडिंजर यांनी बर्लिनची प्राध्यापकी सोडून ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजचा रस्ता धरला. तिथे पाऊल टाकतात न टाकतात तोच नोबेल मिळाल्याची बातमी आली. पण ज्या क्वांटम सिद्धांतासाठी ते मिळालं, त्याबद्दल त्यांचं मन स्वस्थ नव्हतं. मे १९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. एकदा संबंध येऊन मग दूर गेलेल्या दोन कणांची अवस्था क्वांटमच्या गणितात वेगवेगळी लिहिता येत नाही, जोडीची म्हणूनच लिहावी लागते, आणि एका कणावर मोजमाप केलं की दुसऱ्याबद्दल खात्रीचं भाकीत करता येतं, हे त्यांनी दाखवलं. त्यांना ते सिद्धांताच्या अपुरेपणाचं लक्षण वाटलं. श्रोडिंजर यांनी त्याच वर्षी या नात्याला इंग्रजीत ‘एंटँगलमेंट’ आणि जर्मनमध्ये ‘फेरश्रेंकुंग’ अशी नावं दिली. आपण त्याला गुंता म्हणू.

पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. पहिल्यापेक्षा तो कमी वाचला जातो, पण या हकिगतीत त्याचं स्थान मोठं आहे. गुंतलेल्या जोडीतला एक कण आपल्याकडे आहे, दुसरा कुठेतरी लांब. आपल्याकडच्या कणावर काय काय करून लांबच्या कणाला कोणकोणत्या अवस्थांमध्ये ढकलता येईल? श्रोडिंजर यांचं उत्तर असं, की कुठलं मोजमाप करायचं ते निवडून लांबच्या कणापुढे कुठले पर्याय असावेत हे ठरवता येतं. त्यांतला कुठला प्रत्यक्षात येईल हे मात्र आपल्या हातात नसतं. त्यांना स्वतःला हे चमत्कारिक आणि नकोसं वाटलं. तरी एका टोकाला बसून काय साधता येतं आणि काय नाही, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा गणितात उतरला.

मराठीत ‘गुंतणे’ या क्रियापदातून गुंताही निघतो आणि गुंतवणूकही. श्रोडिंजर यांच्या हातात होता तो गुंता. साठ वर्षांनी त्याची गुंतवणूक झाली: मोजावी, साठवावी, खर्चावी, एका रूपातून दुसऱ्या रूपात वळवावी अशी वस्तू. मधल्या काळात १९६४ साली जॉन बेल यांनी आपली प्रसिद्ध असमता मांडली आणि १९८२ च्या सुमारास पॅरिसजवळच्या ओर्से इथे आलँ आस्पे यांच्या प्रयोगांनी निकाल क्वांटमच्या बाजूने दिला. तो इतिहास अनेकांनी सांगितलेला आहे. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं, कारण गुंता खरा आहे हे पटल्यावर काहींच्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहिला: हा किती आहे?

असा प्रश्न पडायला विशिष्ट प्रकारचं मन लागतं. न्यूयॉर्कच्या उत्तरेला यॉर्कटाउन हाइट्स इथे आयबीएमची संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथे रोल्फ लँडाउअर यांनी १९६१ साली माहिती पुसण्याला उष्णतेची किंमत मोजावी लागते असं दाखवलं होतं. तिथेच काम करणाऱ्या चार्ल्स बेनेट यांनी १९७३ साली सिद्ध केलं की गणनेची प्रत्येक पायरी मागे फिरवता येईल अशी रचता येते, आणि मग ती किंमत टाळता येते. वाफेच्या यंत्रांच्या शास्त्राने, म्हणजे ऊष्मागतिकीने, घडवलेलं हे मन होतं. त्या शास्त्रातली माणसं कुठल्याही घटनेकडे बघून दोन प्रश्न विचारतात: याला खर्च काय आला, आणि हे उलट फिरवता येईल का? बेनेट यांनी तेच दोन प्रश्न गुंत्याला विचारले.

त्याला निमित्त झालं टेलिपोर्टेशनचं. १९९३ साली बेनेट, जिल ब्रासार, क्लोद क्रेपो, रिचर्ड जोझा, अशेर पेरेस आणि विल्यम वूटर्स या सहा जणांनी दाखवलं की एका प्रयोगशाळेतली अज्ञात क्वांटम अवस्था दुसऱ्या प्रयोगशाळेत जशीच्या तशी उभी करता येते. त्यासाठी दोघींमध्ये आधीपासून एक पूर्ण गुंतलेली जोडी वाटलेली हवी आणि फोनवरून साध्या माहितीचे दोन बिट कळवता यायला हवेत. काम झालं की ती जोडी संपते. पुढची अवस्था पाठवायला नवी जोडी आणावी लागते.

संपते म्हटल्यावर ती मोजायला एकक हवंच. दोन क्यूबिटच्या, म्हणजे दोन-दोन पातळ्यांच्या कणांच्या, पूर्ण गुंतलेल्या एका जोडीला ‘ईबिट’ हे नाव पडलं आणि हिशेबाचे नियमही ठरले. गूढलेखनाच्या शास्त्रातून आलेली दोन पात्रं, अॅलिस आणि बॉब, दोन दूरच्या प्रयोगशाळांत बसतात. आपापल्या खोलीत, आपल्याकडच्या कणांवर दोघं वाटेल ते करू शकतात. फोनवर हवं तितकं बोलू शकतात. एकाने दुसऱ्याकडे क्वांटम कण पाठवायचा नाही, एवढीच अट. या नियमांनी गुंता नव्याने पैदा होत नाही, कितीही बोललं तरी. असलेलाच तेवढा घडवता-मोडता येतो. म्हणून प्रश्न असा झाला: हातात एका प्रकारची गुंतलेली अवस्था असेल, तर तिच्यापासून दुसरी कुठली करता येईल?

पूर्वी सराफाकडे एका टांकसाळीचा रुपया देऊन दुसरीचा घ्यायचा तर बट्टा पडायचा. गुंत्याच्या मोडीतही बट्टा पडतो का, हे १९९६ साली पहिल्यांदा नीट तपासलं गेलं. बेनेट, हर्बर्ट बर्नस्टाइन, सांडू पोपेस्कू आणि बेंजामिन शूमाकर यांनी शुद्ध अवस्था घेतल्या, म्हणजे ज्यांत बाहेरचा गोंधळ मिसळलेला नाही अशा. एर्हार्ट श्मिट यांच्या १९०७ सालच्या गणिताने दोन बाजूंच्या अशा कुठल्याही अवस्थेचा सारा गुंता आकड्यांच्या एका यादीत मांडता येतो. त्या आकड्यांना आपण वाटे म्हणू. सगळ्यांची बेरीज १. पूर्ण गुंतलेल्या जोडीचे वाटे ०.५ आणि ०.५. न गुंतलेल्या जोडीचा एकच वाटा, १. अर्धवट गुंतलेल्या एखाद्या जोडीचे ०.९ आणि ०.१. अशी एकच जोडी असेल तर तिच्यापासून खात्रीने ईबिट करता येत नाही. पण हजार असतील तर?

तर अॅलिस आणि बॉब आपापल्या बाजूचे हजार कण एकत्र हाताळून सुमारे ४६९ ईबिट काढू शकतात. ०.४६९ ही ०.९ आणि ०.१ या वाट्यांची एन्ट्रॉपी, म्हणजे वाटे किती समान पसरले आहेत याचं माप. जोड्यांची संख्या जितकी मोठी, तितका दर जोडीमागचा फरक नगण्य होत जातो. या चौघांच्या निबंधाचं खरं सौंदर्य उलट दिशेत आहे. ते ४६९ ईबिट खर्चून टेलिपोर्टेशनच्या मदतीने मूळच्या हजार अर्धवट जोड्या पुन्हा उभ्या करता येतात. जायला जो भाव, तोच यायला. बट्टा शून्य.

पुढच्या वर्षी पोपेस्कू आणि डॅनियल रोरलिश यांनी यातलं ऊष्मागतिकीशी असलेलं साम्य उघडपणे मांडलं. सादी कार्नो यांनी १८२४ साली म्हटलं होतं की दोन तापमानांमध्ये चालणारी सगळी आदर्श, उलट फिरवता येणारी यंत्रं सारख्याच कार्यक्षमतेची असतात. नसती तर दोन यंत्रं एकमेकांना जोडून फुकटचं काम काढता आलं असतं. तोच युक्तिवाद इथे लागू पडतो. रूपांतर दोन्ही दिशांना होत असेल आणि फुकटचा गुंता मिळत नसेल, तर गुंत्याचं माप एकच असलं पाहिजे. ते म्हणजे एन्ट्रॉपी. शतकापूर्वी वाफेच्या यंत्रांतून निघालेली राशी इथे दोन कणांच्या नात्याचं मोल सांगू लागली होती.

पण हे सगळं घाऊक बाजाराचं गणित. किरकोळीचं काय? हातात एकच जोडी आहे आणि तिच्यापासून दुसरी एकच, ठरावीक जोडी खात्रीने हवी आहे, तर?

याचं उत्तर १९९९ साली मायकेल नील्सन या जेमतेम पंचविशीतल्या ऑस्ट्रेलियन संशोधकाने दिलं. तेव्हा ते कॅलिफोर्नियात कॅलटेकमध्ये होते. त्यांच्या हाती लागलेलं गणित अर्थशास्त्रज्ञांनी आधीच वापरून ठेवलेलं होतं. १९०५ साली मॅक्स लॉरेन्झ यांनी देशातली संपत्ती किती विषम वाटली गेली आहे हे दाखवणारी वक्ररेषा काढली होती. १९२० साली ह्यू डाल्टन यांनी, म्हणजे जे पुढे ब्रिटनचे अर्थमंत्री झाले त्यांनी, विषमता मोजण्याची तत्त्वं लिहिली: श्रीमंताकडून थोडं काढून गरिबाला दिलं की विषमता घटलीच पाहिजे. हार्डी (रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारे हार्डी), लिटलवुड आणि पोल्या या तिघांनी असमतांवरच्या आपल्या १९३४ सालच्या पुस्तकात याचं पक्कं गणित बसवलं. त्याला आज मेजरायझेशन म्हणतात.

नील्सन यांचं प्रमेय असं. दोन्ही अवस्थांचे वाटे मोठ्याकडून लहानाकडे क्रमाने लावा. मग बेरजा करत जा: पहिला वाटा, पहिले दोन, पहिले तीन. हव्या असलेल्या अवस्थेची बेरीज प्रत्येक टप्प्यावर हातातल्या अवस्थेच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून जास्त असेल, तर रूपांतर खात्रीने होतं. एका टप्प्यावर जरी कमी पडली, तरी खात्री गेली. थोडक्यात, समान वाटणीकडून विषम वाटणीकडे जाता येतं, उलट येता येत नाही. वाटे जितके समान तितका गुंता मोलाचा.

हे प्रमेय मला आवडतं ते त्याच्या सोपेपणापेक्षा त्यातून बाहेर पडलेल्या एका अडचणीसाठी. एका अवस्थेचे वाटे ०.५, ०.४, ०.१ आणि दुसरीचे ०.६, ०.२, ०.२ घ्या. पहिल्या टप्प्यावर ०.५ विरुद्ध ०.६, पहिलीपासून दुसरी होईलसं वाटतं. दुसऱ्या टप्प्यावर ०.९ विरुद्ध ०.८; गाडी अडली. उलट दिशेने पाहिलं तर पहिल्याच टप्प्यावर अडते. दोघींच्या एन्ट्रॉपी जवळजवळ सारख्या, १.३६ आणि १.३७. घाऊक बाजारात त्यांचा भाव म्हटलं तर एकच, पण एकेकटी घेतली तर पहिलीपासून दुसरी होत नाही आणि दुसरीपासून पहिलीही नाही. दोघींमध्ये कमी-जास्त असं काही नाहीच. श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच तिथे लागू होत नाही.

त्याच वर्षी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये डॅनियल जोनाथन आणि मार्टिन प्लेनिओ यांनी अशाच एका अडलेल्या गाडीला वाट काढून दिली. सतरा उंटांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. थोरल्याला निम्मे, मधल्याला एक तृतीयांश, धाकट्याला एक नवमांश. वाटणी काही होईना, तेव्हा शहाणा माणूस आपला एक उंट त्यांत घालतो. नऊ, सहा आणि दोन असे वाटे पडतात, अठरावा उरतो, आणि तो आपला उंट घेऊन घरी जातो. जोनाथन आणि प्लेनिओ यांना गुंत्यामध्ये असा अठरावा उंट सापडला.

त्यांच्या उदाहरणात हातातल्या अवस्थेचे वाटे ०.४, ०.४, ०.१, ०.१ आहेत, हवे आहेत ०.५, ०.२५, ०.२५. पहिल्या टप्प्यावर ठीक. दुसऱ्यावर हातातले ०.८ आणि हवे ते ०.७५, म्हणून अडलं. आता अॅलिस आणि बॉब यांनी कुणाकडून तरी ०.६ आणि ०.४ वाट्यांची आणखी एक जोडी उसनी घेतली. दोन अवस्था एकत्र धरल्या की वाट्यांचे गुणाकार होतात. हातातल्या बाजूच्या बेरजा ०.२४, ०.४८, ०.६४, ०.८०, ०.८६ अशा चढत जातात. हव्या त्या बाजूच्या ०.३०, ०.५०, ०.६५, ०.८०, ०.९०. चौथ्या टप्प्यावर दोन्हीकडे ०.८०, केसाचंही अंतर नाही, पण प्रमेयाची अट पाळली जाते. रूपांतर होतं आणि उसनी जोडी अगदी जशीच्या तशी हातात राहते. रसायनशास्त्रातल्या उत्प्रेरकासारखी म्हणून याला उत्प्रेरण म्हणतात. नुसत्या जवळ असण्याने, स्वतः खर्च न होता, गुंता दुसऱ्या गुंत्याची वाट मोकळी करतो. मी हे आकडे पहिल्यांदा हाताने गुणून पाहिले तेव्हा चौथ्या टप्प्यावर किती तरी वेळ थांबलो होतो.

इथवरचं सगळं जग शुद्ध अवस्थांचं आहे. प्रत्यक्षात कण काचेच्या तारेतून धावतो, धक्के खातो, वाटेत हरवतो. दोन टोकांना पोचतो तो गोंधळ मिसळलेला, मिश्र गुंता. १९९६ सालीच बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला होता. दोन गढूळ जोड्या घ्यायच्या, एकीचा बळी देऊन दुसरीची परीक्षा करायची; परीक्षेत उतरली तर ती पहिल्यापेक्षा निर्मळ असते. असं पुन्हा पुन्हा करत गेलं की शेवटी थोड्या पण जवळजवळ पूर्ण गुंतलेल्या जोड्या हाती लागतात. त्यांच्या पद्धतीत मूळ जोडीची शुद्धता निम्म्याहून अधिक असावी लागते. याला गुंत्याचं ऊर्ध्वपातन म्हणतात. लांब पल्ल्याच्या क्वांटम जाळ्यांची आखणी अजूनही याच कल्पनेवर उभी आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे २०१७ साली दोन मीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधल्या क्यूबिटमध्ये ते प्रत्यक्ष करून दाखवलं गेलं.

१९९६ च्या सुमारास वाटलं होतं की गढूळ असला तरी गुंता म्हटलं की गाळून काही तरी निघणारच. हा विश्वास पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरातल्या एका कुटुंबाने मोडला. रिशार्ड होरोडेत्स्की आणि त्यांचे मुलगे पावेल आणि मिखाव, तिघंही भौतिकशास्त्रज्ञ. पेरेस यांनी १९९६ साली गुंता ओळखण्याची एक सोपी गणिती कसोटी सुचवली होती. ती कुठवर पुरते आणि कुठे अपुरी पडते हे या तिघांनी शोधलं. दोन क्यूबिटच्या जोडीत जिथे गुंता आहे तिथे तो गाळता येतोच, हेही त्यांनीच सिद्ध केलं. मग १९९८ साली त्यांनी दाखवलं की याहून मोठ्या कणांमध्ये, उदाहरणार्थ तीन-तीन पातळ्यांच्या दोन कणांमध्ये, अशा अवस्था आहेत ज्या निःसंशय गुंतलेल्या आहेत, तरी कितीही प्रती घ्या, कितीही फोन करा, त्यांतून एकही ईबिट बाहेर येत नाही. याला त्यांनी बद्ध गुंता म्हटलं. पैसे भरता येतात पण काढता येत नाहीत असं हे खातं आहे. २००१ साली गिफ्रे विदाल आणि इग्नासिओ सिराक यांनी यातलं भरणंही खरंच असतं हे दाखवलं: अशा काही अवस्था घडवायला खरे ईबिट खर्चावे लागतात. म्हणजे भरणा आहे, परतावा शून्य. सगळाच्या सगळा बट्टा.

कार्नो यांचं सुंदर साम्य इथे तुटलं. मिश्र अवस्थांच्या जगात गुंत्याचा व्यवहार मागे फिरत नव्हता.

मधल्या मध्ये, २००० साली, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथे वोल्फगांग ड्यूर, विदाल आणि सिराक यांनी आणखी एक खोड शोधली. तीन क्यूबिट, तिघंही खरोखर गुंतलेले, असे फक्त दोनच मूलभूत प्रकार असू शकतात, आणि एका प्रकाराची अवस्था दुसऱ्या प्रकारात कधीच वळत नाही, अगदी नशिबावर सोडून बारीकशी शक्यता धरली तरीही. पहिला प्रकार १९८९ पासून माहीत होता: ग्रीनबर्गर, हॉर्न आणि झायलिंगर यांच्या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा जीएचझी. तिपेडी वेणीतला एक पेड ओढून काढला की उरलेले दोन एकमेकांत अडकलेले राहत नाहीत, मोकळे होतात, जीएचझी तशी. तीनपैकी एक कण गेला की उरलेल्या दोघांत गुंता उरत नाही. दुसऱ्या प्रकारात एक हरवला तरी उरलेले दोघं गुंतलेलेच राहतात. ड्यूर यांच्या पहिल्या नावाच्या आद्याक्षरावरून तो डब्ल्यू म्हणून ओळखला जातो. दोन बाजू असताना एका नाण्याची आशा तरी होती. तिसरी आली की टांकसाळीच दोन झाल्या.

प्लेनिओ यांनी मात्र एका नाण्याची आशा सोडली नव्हती. त्यांच्याबरोबर इंपीरियलमध्येच ब्राझीलचे तरुण फर्नांडो ब्रांदाव काम करत होते. दोघांनी विचार केला की दोष गुंत्यात नसेल, आपल्या नियमांत असेल. अॅलिस आणि बॉब यांच्यावर दूरच्या खोल्यांची आणि फोनची अट आहे. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम इतका सरसकट का? कारण तो यंत्र कसं बांधलंय हे विचारतच नाही. एवढंच म्हणतो की अमुक एक राशी घटता कामा नये. तसाच नियम इथे लावू. गुंता पैदा न करणारी कुठलीही क्रिया चालेल, ती प्रयोगशाळेत कशी करायची याची चिंता नको. फार तर मूठभर सवलत देऊ: क्रियेने एखादा कणभर गुंता निर्माण केला तरी चालेल, पण प्रती वाढत जातील तसतसा तो शून्याकडे गेला पाहिजे.

एवढं मान्य केलं की बट्टा संपतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००८ साली तो ‘नेचर फिजिक्स’मध्ये छापून आला, सविस्तर गणित २०१० साली प्रसिद्ध झालं. गुंत्याचा दुसरा नियम सापडला असं सगळ्यांनी मानलं. त्याचा सगळा भार एका प्रमेयावर होता. ते प्रमेय म्हणजे संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइन यांच्या जुन्या सूत्राचा क्वांटम विस्तार. समजा, कुणी तुम्हाला एकाच अवस्थेच्या म्हणून अनेक प्रती दिल्या. त्या खऱ्या आहेत, की कुणी अजिबात न गुंतलेला नकली माल खपवतोय? प्रती वाढतील तशी नकली माल खरा ठरण्याची शक्यता किती वेगाने घटते? तो वेग म्हणजेच त्या गुंत्याचा भाव. मूळ सूत्रात नकली माल एकाच साच्यातला असतो. इथला नकलाकार धूर्त आहे: सगळ्या प्रती मिळून एकच प्रचंड, अंतर्गत धागेदोरे असलेली, तरी अॅलिस आणि बॉब यांच्यामध्ये न गुंतलेली अवस्था तो रचू शकतो. अशा नकलाकारापुढेही वेग ठरलेला राहतो, हे सिद्ध करणं महाकठीण होतं. ते सिद्ध झालं आहे असं चौदा-एक वर्षं मानलं जात होतं.

मे २०२२ मध्ये सात लेखकांचा एक निबंध आला. त्यात म्हटलं होतं की त्या सिद्धतेतल्या एका उपप्रमेयाची एक पायरी चुकीची आहे. प्रमेय खोटं ठरलेलं नाही, पण सिद्ध झालेलंही नाही, आणि त्यावर उभारलेलं सगळं तूर्त अधांतरी आहे. त्या सातांत मारिओ बेर्टा, गिलाद गूर, लुदोविको लामी, बार्तोश रेगुला आणि मार्को टोमामिकेल होते. आणि स्वतः ब्रांदाव आणि प्लेनिओही होते. आपल्याच सर्वांत गाजलेल्या कामातलं भोक जगाला दाखवणाऱ्या निबंधावर त्यांनी आपली नावं घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरात आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना गुंत्याच्या प्रयोगांसाठी नोबेल जाहीर झालं, आणि साहजिकच सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या. माझ्या लेखी मात्र त्या वर्षीची मोठी घटना मे महिन्यातली.

त्या वेळी लामी जर्मनीत उल्म इथे होते आणि रेगुला टोकियोत. दोघांचा एक निबंध २०२३ च्या जानेवारीत ‘नेचर फिजिक्स’मध्येच आला. गुंत्याच्या व्यवहाराला अखेर दुसरा नियम नाहीच, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. नियम त्यांनी कडक ठेवले: गुंता पैदा न करणारी कुठलीही क्रिया चालेल, पण पैदाशीला कणभरही सवलत नाही. मग त्यांनी तीन-तीन पातळ्यांच्या दोन कणांची एक साधी मिश्र अवस्था पुढे केली. तिच्या शंभर प्रती घडवायला १०० ईबिट लागतात. त्या मोडल्या तर जेमतेम ५८ परत येतात. दूरच्या खोल्या नाहीत, फोनची अट नाही, उत्तम क्रिया निवडण्याची मुभा आहे, तरी बट्टा शंभराला बेचाळीस.

ऑगस्ट २०२४ मध्ये भोक बुजलं. मासाहितो हायाशी आणि हायाता यामासाकी यांनी एका वाटेने, आणि त्याच महिन्यात लामी यांनी स्वतंत्रपणे वेगळ्या वाटेने, स्टाइन यांच्या सूत्राचा तो विस्तार सिद्ध केला. दुसरा नियम नाही असं बजावणाऱ्या निबंधाच्या दोन लेखकांपैकी एकाने तो नियम ज्या प्रमेयावर उभा होता, ते स्वतःच्या हाताने पुन्हा उभं केलं. ब्रांदाव आणि प्लेनिओ यांची इमारत परत तोलून धरली गेली, आणि लामी-रेगुला यांचा निष्कर्षही तसाच खरा राहिला. दोन्ही एकाच वेळी.

हे कसं, ते त्या तीन पातळ्यांच्या अवस्थेवरच बघता येतं. कणभर गुंता निर्माण करायची सवलत दिली, तर तिच्या शंभर प्रती ५८ किंवा ५९ ईबिटमध्ये घडतात आणि मोडल्यावर तेवढेच परत देतात. सवलत काढून घेतली की त्याच शंभरांना १०० लागतात. मधले बेचाळीस त्या कणात आहेत. लामी आणि रेगुला यांनी त्या कणाचंही माप घेतलं आहे. ब्रांदाव आणि प्लेनिओ यांनी जे माप वापरलं त्याने तो खरोखर शून्याकडे जातो. नेगेटिव्हिटी नावाच्या दुसऱ्या, तितक्याच प्रतिष्ठित मापाने मोजलं तर मात्र बट्टा टाळायला लागणारा तोच कण प्रतींच्या संख्येबरोबर घातांकाने फुगत जातो.